गाडीतलं कळणारे दाजी

बीड जिल्ह्यात पिकप घ्यायची म्हटली की तीन दारं झिजवावी लागतात. एक फायनान्सवाल्याचं, दुसरं शोरूमचं आणि या दोन्हींच्या आधी दाजींचं. दाजी नेमके कुणाचे दाजी, हे कुणी विचारत नाही. गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंत कुठल्याही नाक्यावर, गॅरेजसमोरच्या बाकड्यावर असा एक गृहस्थ बसलेला असतोच, ज्याला 'गाडीतलं कळतं'. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. त्यातलं एक लिहायचं आणि दुसरं टायरची हवा मोजायचं. लिहायच्या पेनातली शाई कधीच संपलेली असते.

पात्रतेचं म्हणाल तर काळ्या-पिवळ्या ट्रॅक्सवर निम्मी हयात गेलेली. टेम्पो ट्रॅक्सच्या इंजिनाचं मूळ मर्सिडीजचं, हे दाजींना कुणीतरी एकदा सांगितलं आणि ते खरंही आहे. पुण्याच्या कंपनीनं ते जर्मनांच्या परवान्यावर इथं बनवलं होतं. तेव्हापासून विषय कुठलाही निघो, दाजी मधेच म्हणतात, "आमी मर्सिडीज चालवलीय, बीड ते गेवराई, बावीस शीट टाकून." त्यातले चार बॉनेटवर होते, हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

परवा त्यांच्याकडं एक सर आले. राहायला बीडला, शाळा पाटोद्याच्या अलीकडच्या एका गावात. म्हणजे रोजचं अपडाऊन. त्याच गावात धाकटा भाऊ शेती बघतो. कांदा, दोन एकर कापूस आणि रोजचं दूध. सरांना एकाच गाडीत सगळं बसवायचं होतं. सकाळी शाळा, दुपारी दुधाचे कॅन आणि हंगामात सोलापूरच्या बाजारात कांदा. शोरूममधल्या टाय घातलेल्या पोरानं सीएनजीची गाडी गळ्यात बांधत आणली होती. सरांच्या पिशवीत तीन कंपन्यांची माहितीपत्रकं होती आणि त्यातल्या ओळींखाली लाल शाईनं रेघा मारलेल्या होत्या. (शिक्षकानं रेघ मारली नाही तर तो कागद वाचला असं धरत नाहीत.)

"गाडी घ्यायलाव म्हणं, सर?" दाजींनी सुरुवात केली.

"विचार चाललाय. डिझेल घ्यावी का गॅस?"

"वझं किती?"

"कांद्याच्या दिवसात दीड टन. एरवी कॅन."

"घाट?"

"मांजरसुंब्याचा. रोज."

"मंग इचारायलाव कामून?"

इथं दाजींची बैठक जमते. चहावाला न सांगता दोन कट ठेवून जातो. शेजारी पंक्चर काढणारा पोरगा ट्यूब पाण्यात धरून तशीच विसरतो. दाजी म्हणजे डिझेलपंथी. त्यांच्या मते जगात जे जे वजनदार आहे ते सगळं डिझेलवर चालतं. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर डिझेलवर. लग्नातल्या डीजेचा जनरेटर डिझेलवर. पिढ्यान् पिढ्या वाट बघून १७ सप्टेंबर २०२५ ला बीड-अहिल्यानगर रेल्वे एकदाची सुरू झाली, तीही डेमू, म्हणजे डिझेलचीच. "सरकारला बी कळालं," दाजींनी त्या दिवशी निकाल दिला होता, "का बालाघाटात गॅसचं काम नाही."

बरं, यातली निम्मी गोष्ट शास्त्राला धरून आहे. पेट्रोल किंवा गॅसच्या इंजिनात प्लगची ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबतात की ती भयंकर तापते आणि तेलाचा फवारा पडला की तो आपसूक पेट घेतो. दाब जास्त, म्हणून इंजिन जड आणि महाग. पण कमी फेऱ्यांतच ओढ जबरदस्त. बोलेरो पिकपचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन साधारण दोनशे न्यूटन मीटरचा टॉर्क देतं. टाटाची इंट्रा व्ही-२० ही २०२२ साली आलेली गाडी गॅस आणि पेट्रोल दोन्हींवर चालते, एक टन वजन नेते. तिचं इंजिन बाराशे सीसीचं, टॉर्क निम्म्याच्या आसपास आणि गॅसवर त्याहून थोडा कमी. दाजी न्यूटनला ओळखत नाहीत. त्यांचं परिमाण एकच : दीड टन कांदा भरून मांजरसुंब्याचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढते का? दुसरा टाकावा लागला तर गाडी 'बसकी'.

पण शोरूमचा पोरगाही अडाणी नव्हता. त्यानं सरांना किलोमीटरचा हिशेब करून दिला होता आणि सरांनी तो दाजींपुढं ठेवला. दाजी उठले. गॅरेजसमोर दुरुस्तीला आलेली एक पिकप धुळीनं माखून उभी होती, तिच्या दारावर त्यांनी बोटानं आकडे मांडायला सुरुवात केली. डिझेल लिटरला नव्वदीच्या घरात, भरल्या गाडीचं ॲव्हरेज बारा-तेरा, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. गॅसही किलोला नव्वदीच्या घरात, पण किलोला सोळा धरा, म्हणजे साडेपाच. दीड रुपयाचा फरक. रोजचे ऐंशी किलोमीटर. दिवसाला एकशेवीस रुपये वाचले. महिन्याचे पंचवीस दिवस, तीन हजार. शून्यं काढताना दाजींचं बोट पार फाळक्यापर्यंत गेलं. तो हिशेब त्या दारावर आठवडाभर होता. गाडीमालकानं धुवायला काढली तेव्हा आधी दाजींना विचारून घेतलं.

"आता ह्यातून रांग वजा करा," दाजी म्हणाले.

हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार नाही. तिथं गॅस पाइपनं पंपावर येतो. जिथं पाइप पोचलेला नाही तिथं तो ट्रकवर लादलेल्या टाक्यांच्या जुडग्यातून येतो. गाडीच्या टाकीत तो दोनशे बारच्या दाबानं भरावा लागतो, आणि ट्रकवरच्या टाक्या रिकाम्या होत आल्या की दाब पडतो. मग पंपावर 'प्रेशर नाही' असं खडूनं लिहिलेलं असतं, नाहीतर गाडी अर्धीच भरते आणि ॲव्हरेजच्या नावानं कंपनीला शिव्या बसतात. रांगेत लावलेल्या रिक्षांखाली कुत्री झोपतात, आत ड्रायव्हर. शिवाय टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यायची, ते निराळंच.

"एकशेवीस वाचले आन् दोन तास गेले," दाजी म्हणाले. "तुमच्या तासाला पगार किती बसतो?"

सर शांतपणे म्हणाले, "रांगेत पेपर तपासून होतील."

दाजी पहिल्यांदाच गप्प झाले.

मात्र गप्प राहणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. डिझेलच्या बाजूनं बोलायचं तर अलीकडं त्यांची अडचणही झालेली आहे. २०१२ साली पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास अंतर होतं. तेव्हा डिझेल घ्या म्हणायला दाजींची गरजच नव्हती. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारनं डिझेलचे दर मोकळे सोडले आणि अंतर आटत आटत बारा-पंधरावर आलं. २०२० च्या एप्रिलपासून धुराचे बीएस-सहा नियम लागू झाले. मारुतीनं तर डिझेल इंजिनंच बंद केली. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर संक्रांत आली. ही शेवटची बातमी दाजींना मात्र आनंदाची वाटली. "आता तिकडचा चांगला माल सस्त्यात इकडं," म्हणून त्यांनी पंधरा दिवस फोनाफोनी केली होती.

बीएस-सहानं दाजींची खरी परीक्षा पाहिली. मोठ्या डिझेल गाड्यांच्या धुराला धुवायला युरियाचं पाणी लागू लागलं : साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. ज्या जिल्ह्यात युरियाच्या गोणीसाठी कृषी केंद्रासमोर पहाटे चपला ठेवून नंबर लावतात, तिथं गाडीही युरिया पिते हे पचायला वेळ लागला. एका ट्रकवाल्यानं घरच्याच गोणीतला बादलीत कालवून ओतू का, असं विचारलं होतं. दाजींनी हात जोडले. शेतातल्या युरियात असलेली घाण आणि आपल्या बोअरचं क्षारांचं पाणी, दोन्ही मिळून त्या महागड्या यंत्रणेची वाट लागते. "पिकाला टाक," ते म्हणाले, "पीक वॉरंटी मागत नाही."

जुनी गाडी घ्यायची असेल तर दाजींना प्रत्यक्ष पाहावं. बोलणं बंद. आधी गाडीखाली वाकून पाटे मोजतात. कंपनीच्या पाट्यांत एखादा जादा घातलेला दिसला की समजायचं, हिनं पासिंगच्या दीडपट ओढलंय. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढतात आणि तोंडावर उलटं ठेवतात. झाकण थरथरत जागेवर राहिलं तर ठीक. फुर्रकन उडालं तर इंजिन 'बॅक मारतंय', रिंगा गेल्या. सायलेन्सरमध्ये बोट घालून काजळी चोळून बघतात, कोरडी का तेलकट. हौद्याच्या कोपऱ्यात नखानं खरवडतात, कारण बोकडं वाहिलेल्या गाडीचा पत्रा आधी तिथं सडतो. शेवटी नंबर प्लेट. एमएच-२३ म्हणजे घरची. एमएच-१२ असली की दाजींच्या कपाळाला आठी, पुण्याची गाडी क्लचवर पाय ठेवूनच चाललेली असणार.

एवढा कट्टर माणूस. आणि तरी त्याच्या सल्ल्यानं किती जणांनी गॅसच्या गाड्या घेतल्यात, हे बघितलं तर गंमत वाटते. बीड शहरात घरोघर पाण्याचे जार टाकणाऱ्याला त्यांनीच सांगितलं, "गॅस घे. दिवसभर चालू-बंद, चालू-बंद. डिझेलचा फिल्टर चोंदून मरल." ते बरोबरच होतं. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरात काजळी अडवणारी जाळी असते. गाडी लांब, तापून पळाली तरच ती जळून साफ होते. गल्लीतल्या फेऱ्यांनी ती तुंबते.

गावातला एक पोरगा टेक्सासमध्ये असतो. त्यानं व्हिडिओ कॉलवर विचारलं, फोर्डची एफ-२५० घ्यायचीय, ७.३ लिटरचं पेट्रोल का ६.७ लिटरचं डिझेल? कंपनीला रोज जायचंय आणि बोट ओढायचीय. ट्रॅक्टरएवढी गाडी बघून दाजींचा चहा थंड झाला. पण प्रश्न त्यांनी तोच विचारला.

"बोट कितीदा वढायलास?"

"महिन्यातून एकदा."

"मंग पेट्रोल घे. डिझेलला रोज वझं लागतं बाबा. रिकामं हिंडवलं का आजारी पडतं." मग फोन ठेवता ठेवता, "आन् धरण किती लांब हाय तिकडं?"

डिझेलचा अभिमान चहापुरता असतो. घेणाऱ्याला सांगताना दाजी त्याचा रस्ता, वझं आणि खिसा बघतात. त्यांच्या पंथाचे मूळपुरुष रुडॉल्फ डिझेल तरी कुठं एवढे सोवळे होते? १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. दाजींना हे कुणी सांगितलं तेव्हा ते तेलाचा भाव आठवून एवढंच म्हणाले, "परवडायचं नाही." पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात, त्यातलं काही उसाचं, हे मात्र त्यांना पाठ आहे. जिल्ह्यातली लाखो माणसं दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कोल्हापूर, सांगलीकडं आणि कर्नाटकात जातात. त्यांनी तोडलेला ऊस बारामतीच्या माणसाच्या स्कूटरमध्ये जळतो, आणि त्यांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर धूर सोडतो डिझेलचा. मुकादमाला उचल देताना या धुराचे पैसे कुणी धरत नाही, असं दाजी म्हणतात आणि विषय बदलतात.

सरांचं शेवटी काय झालं? कांद्याचे चार महिने सोडले तर गाडीवर वझं कॅनचंच, हे दाजींनी तिसऱ्या चहाला काढून घेतलं. मग स्वतःच म्हणाले, घाटात पिकपला पिकप पाहिजेच, पण तुमच्या घरी लग्नकार्याला जायला दुसरी गाडी हाय का? नव्हती. सरांच्या मंडळींनी पिवळ्या पाटीच्या गाडीतून माहेरी जाणार नाही असं आधीच बजावलं होतं. पुढच्या सीटवर तीन माणसं, त्यात एक मुलगी दहावीची. माहितीपत्रकातल्या एकाही लाल रेघेखाली ही अडचण नव्हती.

निकाल असा लागला की पिकप डिझेलचीच घेतली, पण भावाच्या नावावर; आणि सरांनी अपडाऊनला जुनी सीएनजी कार घेतली. महिन्याचे हप्ते एकाऐवजी दोन झाले. गाडीच्या पूजेला दाजी नारळ फोडायला हजर होते. पुढच्या टायरखाली लिंबू ठेवताना त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "म्या सांगितलं म्हणून झालं, नाहीतर सर फसले असते."

पेढे वाटून होत नाहीत तोच सरांच्या शाळेतले आणखी एक गुरुजी पुढं आले. त्यांना म्हणे बॅटरीवरची छोटी मालगाडी घ्यायची होती. टाटा एसची तसली गाडी २०२२ लाच आलीय, रनिंग खर्च काहीच नाही, आवाजही नाही, असं ते सांगत होते. दाजींनी पेढा गिळला. बराच वेळ त्या गुरुजींकडं बघितलं.

"सगळं खरं," ते म्हणाले. "पण उतारावर न्यूट्रल मारता येती का?"