बिलं दाखवा

आग विझली, पंचनामा झाला, अग्निशमन दलाचा दाखला हाती पडला. मग विम्याचे सर्व्हेअर आले. कोळसा झालेल्या कपाटाकडे पाहत म्हणाले, “यातल्या वस्तूंची बिलं?” बिलं त्याच कपाटात होती, वरच्या खणात, तारीखवार फायलीत. आम्ही व्यवस्थित माणसं!

2021मध्ये आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, फार तर 10 लाख, सामानासाठी आपसूक धरतात. दागिन्यांसाठी मात्र जादा हप्ता. तो आम्ही वाचवला आणि त्यात टोस्टर घेतला. ठिणगी त्याचीच.

आजीचा तांब्याचा बंब तेवढा शाबूत राहिला. सर्व्हेअरनी त्यात डोकावून यादीत नोंद केली: ‘जळल्याच्या खुणा जुन्या.’