बेडूक ओळखा : धडा पहिला

मिरग सरला, तळा गावच्या गडाखालची खाचरं तुडुंब भरली की रात्री जेवून बाहेर पडा. सोबत बॅटरी, जुन्या चपला आणि पेन्सिल. पेन नको.

सोप्यापासून सुरू करा. पिवळाधमक रंग, गळ्याशी दोन निळे फुगे आणि अख्खं खाचर दणाणून सोडणारा आवाज, हा बैल-बेडूक. याच्या तंगड्या एके काळी परदेशी जायच्या. 1987 पासून निर्यात बंद आहे. पाऊस ओसरला की हाच नर मळकट हिरवा होतो, तेव्हा नवी जात सापडली म्हणून नाचू नका. दोदाँ या फ्रेंच माणसानं 1802 मध्ये याला राना टायगेरिना म्हटलं, आता तो होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस आहे. दोन्ही नावांनी हाक मारून पाहा. ढिम्म हलत नाही.

आता खरी परीक्षा. बांधाच्या कडेला अंगठ्याएवढा, मातकट बेडूक किरकिरत असतो. हात ओला करून अलगद धरा, उताणा करा. तो तळहातावर मुतेल. हे वर्गीकरणाचं लक्षण नव्हे. पोटाच्या दोन्ही कडांना, काखेपासून जांघेपर्यंत, बारीक रेघ दिसते का? दिसली तर गोत सापडलं. घर, म्हणजे प्रजाती, मात्र विचारू नका.

कारण शंभरेक वर्षं हा राना लिम्नोकॅरिस होता. ते नाव 1829 चं, आणि मूळ नमुना जावा बेटावरचा. म्हणजे राहणार तळा, सातबारा जावाच्या बेडकाच्या नावावर! पुढे तो फेजरवार्या झाला. 2001 मध्ये दुब्वा, ओलर आणि बिजू यांनी वरच्या ओठावर पांढरा पट्टा असलेल्या चिमुकल्यांसाठी मिनर्वार्या हे वेगळं घर बांधून दिलं. 2015 मध्ये ते मोडून पुन्हा एकत्र कुटुंब. 2018 मध्ये डीएनए पाहून फेरफार : थोरलं घर फेजरवार्या पूर्वेकडच्यांना, आणि आपल्याकडची झाडून सगळी मंडळी धाकट्या मिनर्वार्याच्या नावावर. त्यात अ‍ॅनंडेलचा 1919 चा सिहाद्रेन्सिस आणि 2001 चा सह्याद्रीस एकाच छपराखाली आले. दोघांची नावं सह्याद्रीवरूनच, फक्त शुद्धलेखन वेगळं. पोस्टमनचे हाल.

मला स्वतःला जर्डननं 1853 मध्ये ठेवलेलं नाव आवडतं, अ‍ॅग्रिकोला. लॅटिनमध्ये शेतकरी. कित्येक वर्षं धूळ खात पडलेलं हे नाव अलीकडे पुन्हा वर काढलंय. वहीत तेच लिहा, पण हलक्या हातानं, खोडता येईल असं.

एवढ्यात पाणी बघायला आलेले काका बांधावर थांबतील. "काय गावला काय?"

तुम्ही मूठ उघडून सांगा, "अ‍ॅग्रिकोला. म्हणजे शेतकरी."

ते वाकून बघतील. "मग सोडा की त्याला. उद्या लावणी हाय."