तोंड बघून मार्क

अहो वहिनी, कढीपत्ता खुडून झाला म्हणून लगेच पळू नका. आमच्या भाच्याचं ऐकलंत का? नणंदेचा मधला हो. नोकरीची मुलाखत होती, आणि पलीकडं माणूसच नाही! पडद्यावर प्रश्न उमटणार, यानं लॅपटॉपच्या कॅमेऱ्याकडं बघून उत्तर द्यायचं. कुणीतरी डोक्यात भरवलं की यंत्र हसूही मोजतं. झालं, पोरगा सारखा आरशासमोर हसतोय. नणंदेला वाटलं, दाढ ठणकतेय याची.

अगदीच थाप नाही हो ती. हायरव्ह्यू म्हणून अमेरिकेतली कंपनी आहे, ती खरंच मुलाखतीत चेहऱ्याच्या हालचाली बघून गुण लावायची. फार ओरड झाली, तेव्हा २०२१ मध्ये जाहीर केलं, चेहरा बघणं सोडलं म्हणून.

आता यंत्राला शिकवतं कोण? माणसंच. ढीगभर फोटो दाखवायचे. हा आनंदी, हा चिडलेला, अशी प्रत्येकावर चिठ्ठी डकवायची. पॉल एकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या जोडीदारानं तर १९७८ सालीच चेहऱ्याच्या एकेका हालचालीला नंबर देऊन ठेवलेत. भुवया खाली आल्या की चार, ओठांचे कोपरे वर गेले की बारा. तेवढं कॅमेऱ्याला दिसतं, कबूल. पण बारा नंबर दिसला म्हणजे बाई खूश, हे कुणी ठरवलं? आमच्या सासूबाई आठवतात ना? भडकल्या की गोड हसून ‘बरं हं’ म्हणायच्या, आणि घरातलं मांजरसुद्धा अंगणात पळायचं. यंत्रानं लिहिलं असतं, आजी आनंदात!

उलट आमचे हे. सुडोकूला बसले की कपाळावर अशा आठ्या, जसं काही कुणी यांची पेन्शन अडवलीय. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि आणखी चौघांनी, चेहऱ्यावरून मन कळतं का, यावरचे पुष्कळ अभ्यास चाळले. रागावलेली माणसं भुवया आक्रसतात, ती शंभरात तिसाच्या आसपास. बाकीच्यांचा राग कुठं दिसतो, ते घरच्यांना विचारा!

लखनौचं तर त्याहून भारी. २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या पोलिसांनी जाहीर केलं, रस्त्यावर कॅमेरे लावणार, बाईच्या चेहऱ्यावर त्रास दिसला की जवळच्या चौकीला आपोआप निरोप जाणार. हेतू चांगला असेल हो. पण मंडईत टोमॅटोचा भाव ऐकल्यावरचं माझं तोंड त्या कॅमेऱ्यानं बघितलं, तर रोज दारात पोलिसांची गाडी!

काय म्हणालात? माणसांना तरी कुठं कळतं? तेही खरंच. समोरच्या बंगल्यातल्या सुनेचंच घ्या. कांदेपोह्यांच्या वेळी मान खाली घालून बसली, सगळे म्हणाले, किती सालस, किती लाजाळू. ती म्हणे सतरंजीवरून जाणारी मुंग्यांची रांग बघत होती. आता सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती उभी राहिली की चेअरमनना घाम फुटतो.

पण वहिनी, तुमचा चेहरा उतरलेला दिसला तर मी विचारते, काय हो, बरं नाही का? तुम्ही म्हणता, छे, झोप झाली नाही. संपलं. आमच्या भाच्याला कोण विचारणार? मार्क पडले की पडले, कशावरून ते कुणाला विचारायची सोय नाही. मायक्रोसॉफ्टनं चेहऱ्यावरून भावना ओळखायची सोय २०२२ मध्ये बंद करायला घेतली. युरोपनं तर २०२५ च्या फेब्रुवारीपासून ऑफिसांत आणि शाळांत असल्या यंत्रांना बंदीच घातलीय, औषधोपचार आणि सुरक्षेपुरती सूट. मला पटलं बाई ते.

तुम्ही मघापासून मान हलवताय, ती माझं पटतंय म्हणून, की कुकरच्या शिट्ट्या मोजताय? पाच झाल्या? अहो मग जा, डाळीचा लगदा होईल! आणि हो, ते मुंग्यांचं माझ्याकडनं कळलं म्हणून सांगू नका कुणाला.