पाच बर्पी, काकांच्या नावाने

प्रिय सर,

तुम्ही माझ्या भाच्याहून दोन वर्षांनी लहान, पण शिट्टी तुमच्या गळ्यात, म्हणून सर. तुम्ही मला काका म्हणता, तेही माईकवरून.

तुमच्या सकाळी सहाच्या बॅचला यायच्या आधी तीन दिवस मी समोरच्या टपरीवर चहा घेत, आत कोण जातं ते बघत होतो. चौथ्या दिवशी जिना चढलो. फॉर्मवर ‘आधीचा व्यायाम’ या रकान्यात ‘डोंबिवली ते सीएसएमटी, 27 वर्षं’ असं लिहिलं. तुम्ही हसला नाहीत. मला वाटलं, गंभीर माणूस आहे. तुम्ही फॉर्म वाचलाच नव्हता हे नंतर कळलं. त्यात उजव्या गुडघ्याचंही लिहिलं होतं.

गाण्यांच्या आवाजाबद्दल बोलत नाही. ओणव्या अवस्थेतला माझा फोटो ग्रुपवर टाकलात, त्याबद्दलही नाही. बायकोने तो माहेरी पाठवला आहे.

गुरुवारबद्दल मात्र बोलणार. फळ्यावर ‘टाबाटा’ लिहिलं होतं. हे कोणाचं तरी आडनाव असणार असं वाटलं, आणि घरी शोधल्यावर ते खरंच आडनाव निघालं. इझुमी टाबाटा या जपानी संशोधकाचा 1996 चा अभ्यास : 20 सेकंद जीव तोडून, 10 सेकंद विश्रांती. सायकलवर बसवलेली पोरं तरुण, बहुतेक शारीरिक शिक्षणाचेच विद्यार्थी. त्यात बावन्न वर्षांचा एकही लेखापाल नव्हता.

सातव्या बर्पीला मी खाली गेलो तो वर आलोच नाही. गाल मॅटवर, नाकात फिनेल, डोळ्यांसमोर पुढच्या बाईंच्या बुटाची सुटलेली नाडी. आणि स्पीकरमधून तुम्ही : “काका थांबले! सगळ्यांना पाच एक्स्ट्रा, काकांसाठी!”

अठरा माणसं माझ्या नावाने खाली गेली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच आलेली ती मुलगीसुद्धा. तिसऱ्या खेपेला उठताना तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मागून कोणीतरी “चला ना काका” म्हणालं, प्रेमाने म्हणालं असेल. मला सातवीचा वर्ग आठवला. एकाने गृहपाठ केला नाही की अख्खी रांग ओणवी. पण त्याला ‘टीम स्पिरिट’ म्हणायचं आमच्या गुरुजींना सुचलं नव्हतं.

सर, हे शिकवणं नाही. दमलेल्या माणसाला चारचौघांत लाज आणायला प्रशिक्षक कशाला लागतो? ते काम डब्याच्या दारातला कोणीही फुकट करतो.

आणि ती बर्पी तरी कोणाची? रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकी माणसाने 1930 च्या दशकात ती बसवली, माणूस किती तंदुरुस्त आहे ते झटपट कळावं म्हणून. उकिडवं बसायचं, पाय मागे, पाय पुढे, उभं राहायचं. मध्ये दंड नाही, शेवटी उडी नाही. असं चार वेळा करायचं आणि नाडी मोजायची. झाली परीक्षा. महायुद्धात अमेरिकी सैन्याने ती उचलली आणि आकडे चढत गेले. म्हणजे मूळ हिशेबाने मी दोन जादाच केल्या. माझी नाडी कोणी मोजली?

शुक्रवारी स्टेशनचा जिना कठडा धरून उतरलो. शनिवारी तोच जिना उलटा उतरलो, मागून येणाऱ्यांची तोंडं बघत. नवख्याचं अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त ठणकतं, घाबरू नका, एवढं एक वाक्य तुमच्या माईकला जड झालं नसतं. मी दोन रात्री काही फाटलंय का याच विचारात काढल्या.

शनिवारीच रात्री साडेदहाला ठाण्याच्या फलाटावर तुम्ही दिसलात. स्पीकर मांडीवर, हातात अर्धं केळं, घसा पार बसलेला. फोनवर सांगत होतात, “नाही सर, रविवारची पण घेतो. पैसे पुढच्या महिन्यात दिले तरी चालतील.” कल्याण गाडी आली तसे उठलात, आणि उठताना गुडघा दोन्ही हातांनी दाबलात. उजवाच.

अरे, मग माझा फॉर्म तरी वाचायचास ना रे!

असो. सोमवारी येतो आहे. खांबामागे उभा राहीन आणि चार करून थांबेन. पाच जादा कोणाला द्यायच्या ते तोवर ठरवून ठेवा.

आपला,
मागच्या ओळीतला काका

ता. क. : हिने गुडघ्यासाठी तेल दिलं आहे. बाटली मोठी आहे.