वरूनच स्लो आहे

विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेच्या दारावर एक पाटी असते : 'चपला बाहेर काढाव्यात.' आत भिंतीवर दुसरी : 'पेन ड्राइव्ह लावू नये.' तिसऱ्या पाटीची गरज पडत नाही, कारण त्या पाटीखालच्या खुर्चीत स्वतः लॅबवाले सर बसलेले असतात. हुद्दा प्रयोगशाळा सहायक. मुले 'सर' म्हणतात, प्राध्यापक 'अहो, जरा बघता का' म्हणतात, आणि विभागप्रमुखांना त्यांची आठवण केबिनमधल्या प्रिंटरने कागद गिळला की येते.

नेट मंदावले की सरांकडे उत्तर तयार असते, पण ते विचारणाऱ्याचा दर्जा बघून बाहेर पडते. विद्यार्थ्याला 'रिस्टार्ट कर.' प्राध्यापकाला 'वरूनच स्लो आहे, सर.' विभागप्रमुखांना 'पत्र दिलंय, आवक-जावकला नोंद आहे.' यातले 'वरून' म्हणजे नेमके कुठून, हे कुणी विचारत नाही. मुख्य सर्व्हर रूम, लाइन पुरवणारी कंपनी, दिल्ली, समुद्राखालची केबल... ज्याची जिथे श्रद्धा असेल तिथवर त्याने जावे. वरून आलेल्या गोष्टीला इलाज नसतो, यावर आपल्याकडे डाव्या-उजव्यांचे एकमत आहे.

गंमत अशी की खरे कारण सरांना बहुतेक वेळा ठाऊक असते, आणि ते चांगले खालीच असते.

एखादी मुलगी तक्रार घेऊन येते : एकही साइट उघडत नाही, प्रत्येक ठिकाणी 'कनेक्शन सुरक्षित नाही' असे येते. सर त्या इशाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, थेट खाली उजव्या कोपऱ्यातल्या तारखेकडे बघतात. १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, त्यामुळे रात्री मेन स्विच बंद झाला की मशीन सकाळी जुन्याच सालात जागे होते. साइटचे प्रमाणपत्र या वर्षीचे. २००९ सालातल्या मशीनच्या दृष्टीने ते अजून लागूच झालेले नसते. सर तारीख सुधारतात, साइट उघडते, मुलगी चकित होते. उद्या सकाळी पुन्हा २००९. नवा सेल का बसवत नाही? सेल 'कन्झ्युमेबल'मध्ये येतो आणि त्या हेडखाली शिल्लक नाही.

सुरूच न होणाऱ्या मशीनवरचा उपचार याहून घरगुती. सर कॅबिनेट उघडतात, रॅमची पट्टी उपसतात, तिच्या सोनेरी दातांवरून शाळकरी खोडरबर फिरवतात, फुंकर मारून पट्टी परत दाबतात. मशीन उठते. संगणकशास्त्रात पीएचडी केलेले दोन प्राध्यापक हे शेजारी उभे राहून बघत असतात. खोडरबर सरांनी पदरच्या पैशाने घेतलेला असतो.

पण सरांचे खरे राज्य टेबलांखाली. मशीनचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला की ते ओळखतात, याला पत्ता वाटणाऱ्या सर्व्हरने काही दिलेले नाही, याने आपला आपणच घेतला आहे. मग मोबाइलचा टॉर्च लावून ते खाली शिरतात. तिथे धूळ, कुणाचे तरी हरवलेले ओळखपत्र आणि उंदराने चाखलेली केबल भेटते. केबलच्या आत आठ तारा. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी... हा क्रम सरांना पाठ. मुलांची नावे मात्र तीन वर्षांतही लक्षात राहत नाहीत. १०० एमबीपीएसला यातल्या चारच तारा लागतात. 'चार काम करतात, बाकीच्या सोबतीला,' असे सांगताना त्यांची नजर हटकून स्टाफरूमकडे वळते.

अख्खी लॅब एकदम झोपली, तर ते आधी विचारतात, 'आज इथे आवरलं कुणी?' नीटनेटकेपणाची आवड असलेल्या एखाद्या प्राध्यापिकेने लोंबकळणारे केबलचे टोक जवळच्या रिकाम्या भोकात खोचलेले असते. दुसरे टोक त्याच स्विचमध्ये. साधा स्विच असेल तर तोच निरोप त्यात गरागरा फिरत वाढत जातो आणि साठही मशीन गारद. सर ते टोक गुपचूप उपसतात आणि मॅडमना सांगतात, 'वरून आलं बघा आता.' हा सभ्यपणा झाला, की कबुलीजबाब हातात राखून ठेवण्याचा धूर्तपणा? माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते.

चालू मशीनची नोंद होते ती डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, आणि मेलेल्या मशीनला निर्लेखन मंजूर होईपर्यंत मरता येत नाही. म्हणून मागच्या रांगेत कापड पांघरलेली मशीन असतात. त्यांच्या पोटातून रॅम, पंखे आणि पॉवर सप्लाय काढून पुढची रांग जगते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला; त्यापुढची आवृत्ती या मशीनना झेपत नाही. तसे पत्रही सरांनी दिले आहे. आवक-जावकला नोंद आहे.

विद्यापीठाला नॅशनल नॉलेज नेटवर्कची १ जीबीपीएस लाइन मिळाली तेव्हा पेढे वाटले गेले. लॅबमधला स्विच १०० चाच राहिला. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट. साठ जणांत वाटले तर वाट्याला दोनशे केबी, आणि तेही सगळ्या मशीननी एकदम अपडेट ओढायला घेतले नाहीत तर. सरांनी हे गणित मांडून नवा स्विच मागितला.

तेवढ्यात पाहणी समिती आली. आदल्या संध्याकाळी, कुणी न सांगता, विभागाची अब्रू म्हणून सरांनी एकोणसाठ केबली उपसून ठेवल्या. समितीसमोर साठाव्या मशीनवर वेग मोजला. काटा ९४ वर जाऊन थांबला. सदस्यांनी माना डोलावल्या, अहवालात 'इंटरनेट सुविधा अत्यंत समाधानकारक' असे लिहिले आणि ते जेवायला गेले.

पंधरवड्याने स्विचची मागणी वित्त विभागाकडून परत आली. शेरा होता : 'समितीच्या अहवालातील अभिप्राय पाहता सदर खरेदीची आवश्यकता दिसून येत नाही.'