मंद आचेवरचा पाऊस

"घोडा आणि पाऊस तुझ्याकडे," असं काकांनी जाहीर केलं आणि मी मान डोलावली. सभेत डुलकी लागलेली असताना मान हलू देऊ नये, ही अक्कल मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी आली.

सभा आमच्या राजेंद्र नगरातल्या गणेशोत्सवाची होती. इंदूर न पाहिलेल्यांसाठी सांगतो, राजेंद्र नगर म्हणजे महूकडे जाणाऱ्या रेल्वेच्या कडेला वसलेली आमची मराठी वस्ती. इथे सकाळी पोह्यांवर शेव पडते, दुपारी वरणभातावरही पडते आणि माणसं एकमेकांना "काय करून राहिला रे?" असं विचारतात. पुण्याचे नातेवाईक या मराठीला पोट धरून हसतात आणि परत जाताना दोन किलो शेव बांधून नेतात. वस्तीत लता मंगेशकरांच्या नावाचं सभागृह आहे. लताबाईंचा जन्मच इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९चा. एवढी पुण्याई असलेल्या गावात आवाजाचं खातं माझ्याकडे यावं, याला नशीब म्हणतात. कोणाचं ते विचारू नका.

२०२५ हे अहिल्याबाईंच्या जन्माचं तीनशेवं वर्ष. त्यामुळे काकांनी एकांकिका लिहिली होती. महेश्वरची पावसाळी रात्र, दौडत येणारा होळकरांचा जासूद, आणि मागून निवेदन. लेखक काका, दिग्दर्शक काका, निवेदकही काकाच. तरुणपणी त्यांनी मालवा हाऊसमध्ये, म्हणजे आमच्या आकाशवाणीवर, नभोनाट्यं केली आहेत. हे ते कोणालाही विसरू देत नाहीत.

हे आवाज कसे तयार करायचे ते विचारायला पुण्याच्या लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, ऑडॅसिटी घ्या. फुकट आहे." फुकट या शब्दावर माझा विश्वास बसतोच. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी हा विद्यार्थी आणि रॉजर डॅननबर्ग हे त्याचे प्राध्यापक, या दोघांनी १९९९मध्ये आवाज भरायची-कापायची ही संगणकप्रणाली लिहायला घेतली आणि २०००च्या मे महिन्यात जगाला देऊन टाकली. नावाचा अर्थ शब्दकोशात पाहिला. धारिष्ट्य, आगाऊपणा. म्हटलं, वस्तू आपल्या वस्तीला साजेशी आहे.

सुरुवात निवेदनापासून केली. काकांना माझ्या माडीवर बसवलं, पंखा चालू ठेवला, कारण तो बंद केला की काका बंद पडतात, आणि ध्वनिमुद्रण केलं. पडद्यावर निळी रेघ थरथरू लागली. आवाज असा दिसतो हे पाहून काका हरखले. "हा मी?" असं विचारून त्यांनी स्वतःच्या एका उंच टोकावर बोट ठेवलं. तो त्यांचा खोकला होता.

आता या रेघेचं गणित सांगतो, कारण ते कळायला मला आठवडा लागला आणि तो एकट्याने का वाया घालवायचा? संगणक आवाज ऐकत नाही, मोजतो. सेकंदाला ४४,१०० वेळा. माणसाचा कान सेकंदाला फार तर वीस हजार कंपनं ऐकतो आणि ती नीट पकडायची तर दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं, म्हणून हा आकडा. मिनिटभराच्या एकेरी मुद्रणात सव्वीस लाख शेहेचाळीस हजार आकडे. ऑडॅसिटीत आवाजावर आलेला चरा भरून काढायची एक छान सोय आहे, पण ती एका वेळी १२८ आकड्यांपुरतीच. काकांचा खोकला मोजला. तीस हजार भरला.

गोंगाट काढायची सोय आणखी नामी. आधी त्याला नुसत्या गोंगाटाचा तुकडा निवडून दाखवायचा, म्हणजे 'हा शत्रू, नीट ओळखून ठेव' असं सांगायचं. मग सगळं मुद्रण निवडून हुकूम सोडायचा. मी काका बोलत नव्हते असा दोन सेकंदांचा तुकडा निवडला. काका बोलत नव्हते हे खरं, पण ते गुणगुणत होते. संगणकाने इमानदारीत पंख्याबरोबर काकांनाही शत्रू मानलं आणि अख्ख्या निवेदनातून खरवडून काढलं. मागे उरलं रस्त्यावरून गेलेल्या कचरागाडीचं गाणं. अगदी स्वच्छ. इंदूर उगीच नाही स्वच्छतेत पहिलं येत.

दुसऱ्या खेपेला शत्रू बरोबर निवडला, पण मात्रा जास्त झाली. अहिल्याबाईंचं चरित्र कोणीतरी रांजणात तोंड घालून सांगतंय असं वाटायला लागलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "गूढ वाटतंय. राहू दे."

मग पाऊस.

ऑडॅसिटीत आवाज नुसते कापता येत नाहीत, शून्यातून निर्माणही करता येतात. पांढरा रव, गुलाबी रव आणि ब्राउन रव असे तीन प्रकार तयार मिळतात. पांढऱ्यात सगळ्या कंपनांना सारखा वाटा. गुलाबीत बारीक आवाज दबते होत जातात. ब्राउनमध्ये ते आणखी दबतात, आणि तो ब्राउन म्हणजे तपकिरी नव्हे, रॉबर्ट ब्राउन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ. मुळात सगळे नुसते वाटेल तसे टाकलेले आकडे. आमच्या सभेचं इतिवृत्त जसं लिहिलं जातं, तसंच.

घरी माडीवर बनवायचं, पेनड्राइव्हवर भरायचं आणि स्कूटरवरून मंडपात नेऊन मोठ्या स्पीकरवर ऐकायचं, असा कारखाना सुरू झाला. १९५७ साली बेल लॅब्सच्या मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून पहिल्यांदा आपल्या आज्ञावलीने सूर काढून घेतले तेव्हा त्यांचीही हीच तऱ्हा होती. आयबीएमचं यंत्र न्यूयॉर्कला आणि आकड्यांचा आवाज करणारं यंत्र न्यू जर्सीला, म्हणून टेप घेऊन खेपा घालायच्या. एवढी यातायात करून हाती आलं सतरा सेकंदांचं संगीत. हे वाचल्यापासून स्कूटरला किक मारताना मला बरं वाटायचं. फक्त त्यांच्याकडे काका नव्हते.

काकांनी पांढरा रव ऐकला. "दूरदर्शनच्या मुंग्या आहेत." गुलाबी ऐकला. "हा पातालपानीचा धबधबा. महेश्वरला कुठला?" ब्राउन ऐकून ते आभाळाकडे पाहायला लागले. आमच्यापासून विमानतळ तसा लांब नाही.

मग मी ठरवलं, खोटेपणा पुरे, खरा पाऊस भरून घ्यायचा. भाद्रपदाची कृपा होतीच. गच्चीवर पिशवीत मोबाईल ठेवला आणि अर्धा तास अस्सल पाऊस पकडला. ऐकवला, तर काका म्हणाले, "कोण भाजी निवडून राहिलं?" शपथ घेऊन सांगितलं की हा आपल्याच वस्तीतला, आजच पडलेला, खराखुरा पाऊस आहे. "असेल," ते म्हणाले, "पण वाटत नाही."

घोड्याचंही तेच. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे वरातीची घोडी रिकामी. मालकाने डांबरी रस्त्यावर चार चकरा मारायचे पाचशे घेतले. घोडीला बँड वाजल्याशिवाय पाऊल टाकायची सवय नव्हती. तेव्हा माझ्या मोबाईलवर बँड लावला आणि बायकोच्या मोबाईलवर टापा भरल्या. ऐकताना वाटे, कोणी लाकडी खडावा घालून लग्नाला निघालंय. शेवटी काका उठले, प्रसादाच्या नारळाच्या दोन करवंट्या उचलल्या आणि सतरंजीवर आपटू लागले. टपडक टपडक. मंडपातलं लहान पोर 'घोडा घोडा' करत बाहेर धावलं. नभोनाट्याचा पुरावा असा तीस सेकंदांत मिळाला, पाचशे रुपये गेले ते गेले.

पावसाची करवंटी कुठून आणायची, हा प्रश्न सुटला तो पोटामुळे. संध्याकाळी कचोरीच्या दुकानापुढे रस्त्याकडे तोंड करून उभा होतो. मागे पाऊस सुरू झाला म्हणून मी छत्री उघडली. दुकानातली सगळी गर्दी माझ्याकडे बघायला लागली. आभाळ कोरडं होतं. कढईत कचोऱ्या पडल्या होत्या.

पुढे वाचलं तेव्हा कारण कळलं. तळणीतल्या पदार्थातलं पाणी तापून त्याची वाफ होते आणि तिचे हजारो बुडबुडे एकेक करून फुटतात. प्रत्येक फुटणं वेगळं, बारीक, थेंबासारखं. त्या संध्याकाळी मात्र मी विज्ञानात न शिरता मोबाईल कढईपुढे धरला.

"भिया, क्या कर रिये हो?" हलवायाने विचारलं.

"बारिश भर रहा हूँ."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. इंदूरचा माणूस खाण्याच्या बाबतीतल्या वेडाला हसत नाही. "कचोरी तो धीमी आँच की है, इसमें झड़ी मिलेगी," तो म्हणाला. "तेज चाहिए तो सेंव डलवाऊँ?"

अशा मी दोन्ही सरी घेतल्या. मंद आचेवरची कचोरी ही रिमझिम, आणि शेवेचा पहिला घाणा तेलात उतरतो ती मुसळधार. थंडीत तळतात त्या गराडू कंदाचा पाऊस कसा लागतो ते मात्र थंडीवाचून कळणार नाही. घरी येऊन पावसातून 'दो प्लेट', 'चटनी कम' आणि एका गृहस्थांची उधारीवरची वादावादी कापून टाकली. आवाज जरा खाली उतरवला, वरची चरचर गाळली, वीस सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडून दहा मिनिटं केली. एक लांबून आलेलं 'जीरावन', म्हणजे पोह्यांवर टाकायचा आमचा मसाला, मात्र निघेना. तेवढं कापलं की पाऊस अडखळायचा. म्हटलं, राहू दे, कोणाला कळतंय?

काकांनी ऐकलं. डोळ्यांत पाणी. "हा पाऊस! मातीचा वास येतो रे." मला हिंगाचा येत होता.

नांदीला तानपुरा हवा होता. यशाने चढलेला मी म्हणालो, तोही संगणकावर करतो. कार्प्लस आणि स्ट्राँग या दोघांनी १९८३मध्ये एक मजेदार रीत प्रसिद्ध केली. त्याच पांढऱ्या गोंगाटाचा चिमूटभर तुकडा घ्यायचा, गोल गोल फिरवायचा आणि दर फेरीत प्रत्येक आकड्याची शेजाऱ्याशी सरासरी काढायची. गोंगाट निवत जातो आणि चक्क छेडलेल्या तारेचा सूर उरतो. वस्तीतल्या भांडणांवरही ही रीत लागू पडते का, हे पाहायचं राहिलंय.

चार तारा झाल्या. ऐकवायला शेजारच्या काकूंकडे गेलो. काकू गाणं शिकलेल्या. मिरजेचा तानपुरा त्यांच्या घरात देवाशेजारी उभा असतो, आणि त्यांचा कान असा की दोन घरं पलीकडची कुकरची शिट्टी कोणत्या पट्टीत आहे ते सांगतात. त्यांनी माझ्या चार तारा ऐकल्या आणि विचारलं, "सतार आजारी आहे का कोणाची?"

"काकू, तानपुरा आहे."

"मग जवारी कुठाय?"

काकूंनी तानपुरा खाली घेतला आणि घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला. तार एकदम बोलू लागली, आतून मधमाश्यांचं पोळं जागं व्हावं तशी. तार त्या रुंद घोडीला हलकेच घासत राहते, त्यामुळे एका सुरातून कितीतरी सूर उमलतात, हीच ती जवारी. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी यावर लेख लिहिला. तार जिथे छेडली तिथे जे उपस्वर पुस्तकाप्रमाणे उमटायलाच नकोत, ते तानपुऱ्यात खुशाल उमटतात, हे त्यांनी दाखवलं. माझ्या तारा पुस्तकाप्रमाणे वागत होत्या, तिथेच घात झाला. मी मुकाट्याने काकूंचाच तानपुरा भरून घेतला. एकदाही कापावा लागला नाही.

प्रयोगाच्या रात्री मंडप भरला होता. नांदी झाली, रांजणातलं निवेदन झालं, मी कचोरी सुरू केली. पहिल्या रांगेतले एक आजोबा खांद्यावरची शाल सावरून बसले. हळूहळू मी शेवेवर आलो. तेवढ्यात काका विंगेतून हात खाली-खाली करायला लागले. मी आवाज कमी केला. ते आणखी हातवारे करू लागले. मी आणखी कमी केला. शेवटी ते धोतर सावरत माझ्या टेबलाशी आले आणि दातओठ खात म्हणाले, "बंद कर ना! किती खोटा वाटतोय तो!"

मी तार काढून त्यांच्या हातात दिली. पाऊस चालूच होता. मंडपाच्या पत्र्यावर.

करवंट्या त्यात बुडाल्या आणि होळकरांचा जासूद चपला हातात घेऊन आल्यासारखा गुपचूप रंगमंचावर प्रकटला. पण प्रयोग गाजला. पावसाचं कौतुक सगळ्यांनी केलं. सुरुवातीची रिमझिम फार खरी होती, नंतरचा पाऊस जरा बटबटीत झाला, असं सर्वांचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. "तुझा तो सुरुवातीचा पाऊस माझ्या मोबाईलवर टाक रे. रात्री झोपच येत नाही."

माझा हात थांबला. कुकरची पट्टी ओळखणारा तो कान. पण नाही म्हणवेना, पाठवून दिला. चार दिवसांनी पोह्यांच्या टपरीवर भेटल्या, चेहरा अगदी टवटवीत.

"छान झोप लागते," त्या म्हणाल्या. "आणि पावसात मधूनच लांबून कोणीतरी 'नारायण' म्हणतं ना, त्याने तर मन इतकं शांत होतं. फक्त दोनच्या सुमाराला भूक लागून जाग येते. असं का होत असेल रे?"