नटांचा सातबारा

मोठ्या माणसावर हक्क सांगायची हौस कुठल्या गावाला नसते? ज्याला उमेदीच्या काळात कुणी उसने पैसे दिले नसते, तो नावारूपाला आला की 'आमच्या आळीतला' होतो. आमचा अहमदनगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, या बाबतीत तसा संकोचीच. साखर कारखाने, दुष्काळ आणि किल्ल्याच्या कैदेत पंडित नेहरूंनी लिहिलेला ग्रंथ, एवढं सांगून नगरकर चहा मागवतो. नटांचा विषय निघाला की मात्र त्याने जरा घसा खाकरायला हरकत नाही. अडचण एकच, नटावरचा हक्क शाबीत कसा करायचा? जमिनीचं बरं असतं. तिला सातबारा असतो. मालक कोण, वहिवाट कुणाची, इतर हक्कांत कुणाचं नाव, सगळं रकान्यांत मांडलेलं. म्हटलं, नटांचाही असा उतारा काढून बघावा. पहिल्या दोन नोंदींनीच तोंडात बोट घालायची पाळी आली.

साल 1918, महिना एप्रिल. पहिलं महायुद्ध अजून संपायचं होतं. 16 तारखेला नगरच्या छावणीत, ब्रिटिश फौजेतल्या एका आयरिश माणसाला मुलगा झाला. त्याचं नाव टेरेन्स ठेवलं, पण जगाने त्याला पुढे स्पाइक मिलिगन म्हणून ओळखलं. बरोबर नऊ दिवसांनी, 25 तारखेला, याच नगरात एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात शाहू मोडक जन्मले. एकाने इंग्रजांना पोट धरधरून हसवलं, दुसऱ्यापुढे अख्ख्या हिंदुस्थानाने हात जोडले. आणि त्या एप्रिलमध्ये नगरच्या बाजारात या दोन्ही गोष्टींची कुणाला गंधवार्ताही नव्हती.

मजा पुढेच आहे. शाहू मोडक नट तर होतेच, पण ज्योतिषाचेही जाणकार होते. त्यांच्यापुढे मिलिगनची पत्रिका कुणी ठेवली असती तर त्यांची मोठी पंचाईत झाली असती. गाव तेच, साल तेच, दोघांचाही रवी मेषेत, म्हणजे उच्चीचा. नाव काढणार यात शंका नाही. पण एकाने मोरपीस लावून आणि दुसऱ्याने आचरट आवाज काढून, हे कुठल्या घरात बघायचं? चंद्र वेगळा होता म्हणायचं आणि सुटायचं.

मोडकांचा उतारा तसा स्वच्छ आहे. 1932 साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये ते कृष्ण झाले तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचे होते. पुढच्या वर्षीच्या 'औट घटकेचा राजा'मधली त्यांची दुहेरी भूमिका ही आपल्या बोलपटांतली पहिली मानतात. कृष्णाने मात्र त्यांना सोडलं नाही. एकूण 29 चित्रपटांत ते कृष्ण होते असं सांगतात. एवढ्या वेळा तर खुद्द भगवंतानेही अवतार घेतला नाही. नगर हे अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंचं गाव. त्या वातावरणातला मुलगा पडद्यावर बासरी घेऊन उभा राहिला आणि कुणी त्याला जात-धर्माचा दाखला मागितला नाही. प्रेक्षकाला कृष्ण हवा होता, तो समोर होता, विषय संपला. 1939 साली शांतारामबापूंच्या 'माणूस'मध्ये त्यांनी पोलिसाचा गणवेश चढवला, तेव्हा देवाला वर्दीत बघूनही लोक बिचकले नाहीत. आणि 1940 साली प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ते माउली झाले. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशात, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असं मानतात, तो पैस खांब आजही तिथे आहे. म्हणजे नगरच्या ख्रिस्ती मुलाने नगर जिल्ह्यातलाच ग्रंथ पुण्याच्या स्टुडिओत पुन्हा सांगितला. मालकीच्या रकान्यात मोडकांचं नाव बिनहरकत चढवावं.

मिलिगनचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. त्याचं बालपण गेलं पुण्यात, मग रंगूनला. तिशीच्या दशकात कुटुंब इंग्लंडला गेलं. बाप आयरिश, आई इंग्लिश, जन्म नगरचा. दुसऱ्या महायुद्धात तो इंग्लंडसाठी लढला, इटलीत जखमी झाला. पुढे राजनिष्ठेची शपथ घ्या तरच पासपोर्ट, असं सरकारने सांगितल्यावर हा गडी बिथरला आणि 1962 साली सरळ आयर्लंडचा नागरिक झाला. फाळणी, शिधापत्रिका आणि सातबारा या तिन्ही गोष्टी अनुभवलेल्या आपल्या माणसाला कागदासाठी झालेली ही चिडचिड लगेच कळेल.

1951 ते 1960 या काळात बीबीसी रेडिओवर त्याचा 'द गून शो' गाजला. बहुतेक संहिता त्यानेच लिहिल्या आणि त्या ओझ्याखाली त्याचं मन अनेकदा कोलमडलंही. त्या कार्यक्रमात लालकाका आणि बॅनर्जी नावाची दोन हिंदी पात्रं होती, पीटर सेलर्स आणि मिलिगन मिळून त्यांचे संवाद रंगवायचे. लहानपणी कानावर पडलेलं असं उपयोगी पडलं.

रंगभूमीवरचा त्याचा प्रताप मात्र मराठी नाटकवाल्यांनी मुद्दाम वाचावा असा. 1964 साली लंडनमध्ये 'ओब्लोमोव्ह' नावाचं नाटक लागलं. नायक असा आळशी की अंथरुणातून उठत नाही. सुरुवातीचे प्रयोग चांगलेच फसले. तेव्हा मिलिगनने संहिता गुंडाळून ठेवली आणि रोज पदरची वाक्यं घालायला सुरुवात केली. प्रेक्षकांशी गप्पा, सहकलाकारांची फिरकी, रोज नवं नाटक. लोकांनी गर्दी केली. शेवटी नाटकाचं नाव बदलून 'सन ऑफ ओब्लोमोव्ह' ठेवावं लागलं आणि ते थेट वेस्ट एंडला गेलं. आपल्याकडेही पदरचं घालणारे नट कमी नाहीत, पण नाटकाला नवं बारसं करायला लावणारा विरळा. 1978 साली तो ट्युनिशियात सुट्टीवर होता. तिथे मॉंटी पायथन मंडळी 'लाइफ ऑफ ब्रायन'चं चित्रीकरण करत होती. त्यांनी त्याला सकाळी एका प्रसंगात उभं केलं, आणि जवळून चित्र घ्यायची वेळ येईपर्यंत हा दुपारी निघून गेलेला! तो 2002 साली गेला. 'मी आजारी आहे हे सांगत होतो ना' अशा अर्थाची ओळ त्याला थडग्यावर हवी होती. चर्चवाल्यांनी ती इंग्रजीत कोरू दिली नाही, म्हणून आयरिश भाषेत कोरली. नगरचा त्याच्यावर हक्क म्हणाल तर जन्मनोंदीपुरता. 'इतर हक्क' या रकान्यात एक ओळ, तीही पेन्सिलीने.

आता वहिवाटीचा रकाना. मधुकर तोरडमल नगरला आले ते नोकरीसाठी. अहमदनगर कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता त्यांनी नाटकं बसवली, राज्य नाट्यस्पर्धा गाजवली आणि मग मुंबई गाठली. लेखक, दिग्दर्शक आणि नट ही तिन्ही कामं त्यांनी 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'मध्ये एकहाती पेलली. प्राध्यापक बारटक्के ऐन वाक्यात 'ह'च्या बाराखडीत शिरले की थिएटर कोसळायचं. प्राध्यापकाने प्राध्यापकाचीच अशी टर उडवावी, याला हिंमत लागते. स्टाफरूममध्ये उमेदीची वर्षं घालवल्याशिवाय ती येत नाही. कसेल त्याची जमीन हा कायदा नटांना लागू केला, तर तोरडमल नगरचेच.

आणि सदाशिव अमरापूरकर? तिथे वाद घालायला जागाच नाही. अमरापूर शेवगाव तालुक्यातलं, जन्म नगरचा, 1950 सालचा, नाटकाचा नादही इथलाच. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी आवाज न चढवता बोलायचा, म्हणूनच भीती वाटायची. 'सडक'मधल्या महाराणीने त्यांना खलनायकासाठीचा फिल्मफेअर मिळवून दिला, तो पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला होता. पण हा पडद्यावरचा दुष्ट माणूस एरवी सामाजिक कामात रमलेला. 2013 च्या दुष्काळात मुंबईतल्या त्यांच्या इमारतीत होळीला पाण्याची उधळपट्टी चालली होती. साठी ओलांडलेले अमरापूरकर खाली उतरले, पाणी वाया घालवू नका म्हणाले, आणि त्यांनाच धक्काबुक्की झाली. ज्याने सिनेमात सगळ्यांना सळो की पळो केलं, त्याने खऱ्या आयुष्यात मार खाल्ला तो पाण्यासाठी. यापेक्षा नगरी पुरावा कुठला तलाठी मागेल? पुढच्या वर्षी ते गेले, तेव्हा अंत्यसंस्कारही नगरलाच झाले.

उतारा पुरा झाला. पण नीट बघितलं तर चारही नोंदींवर एक शेरा सारखाच निघतो: गाव सोडलं. कुणी मांडीवर बसून सोडलं, कुणी पोरवयात, कुणी नोकरीवर पाणी सोडून. नगरमध्ये आजही एकांकिकांच्या स्पर्धा रंगतात, महाकरंडकाला बाहेरगावचे संघ येतात. तिथे तालीम करणाऱ्या पोराला नगरचे नट विचारले तर तो अमरापूरकर चटकन सांगेल, तोरडमल आठवून सांगेल, मोडकांशी अडखळेल, आणि मिलिगन म्हटल्यावर 'कोणत्या कॉलेजचा?' असं विचारेल. काही बिघडत नाही. नट व्हायला गावाचा इतिहास पाठ लागत नाही, मुंबईची पहिली एसटी किती वाजता सुटते तेवढं माहीत असलं की झालं. हक्काचं काय ते आम्ही मागाहून बघून घेऊ, तलाठी ओळखीचा आहे.